स्पायकरबॉक्स: पदवीच्या प्रयोगशाळेसाठी घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती

बॅकयार्ड ब्रेन्स या अमेरिकी कंपनीची स्पायकरबॉक्स ही तळहातावर मावणारी, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी पेटी आहे. दोन टाचण्या कीटकाच्या पायात टोचल्या की चेतातंतूंतून धावणारे विद्युत स्पंद, म्हणजे स्पाइक, स्पीकरमधून ऐकू येतात आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसतात. पदवीला न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेचं शास्त्र, शिकवणाऱ्या विभागाने ही पेटी जरूर घ्यावी. मात्र या नावाखाली कंपनी बऱ्याच वेगवेगळ्या पेट्या विकते. आपल्याला कोणता प्रयोग करायचा आहे हे आधी पक्कं केलं नाही, तर चुकीची पेटी घरात येते आणि दुसऱ्या सत्रापासून कपाटात जाते.

ही पेटी निघाली त्यामागे या विषयाची वाढ आहे. अमेरिकेत सोसायटी फॉर न्यूरोसायन्स स्थापन झाली १९६९ मध्ये. तेव्हा हा विषय पीएचडीच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा समजला जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अॅमहर्स्टसारख्या लहान कॉलेजांनी तो पदवीला आणला. १९९१ मध्ये पदवीच्या प्राध्यापकांनी फॅकल्टी फॉर अंडरग्रॅज्युएट न्यूरोसायन्स ही स्वतःची संघटना काढली, १९९५ मध्ये डेव्हिडसन कॉलेजातल्या कार्यशाळेत अभ्यासक्रमाचे आराखडे तयार झाले आणि २००२ मध्ये याच संघटनेचं, कुणालाही फुकट वाचता येणारं, शिक्षणविषयक नियतकालिक सुरू झालं. अभ्यासक्रम वाढले, वर्ग भरले, पण प्रात्यक्षिकाची अडचण काही सुटली नाही. चेतापेशीची खरी नोंद घ्यायची तर अॅम्प्लिफायर, मायक्रोमॅनिप्युलेटर, कंपन न पोचणारं टेबल, फॅरडे पिंजरा आणि ऑसिलोस्कोप असा सरंजाम लागतो. त्याची किंमत हजारो डॉलर. त्यामुळे विभागात असा एकच संच असतो, एक जण हाताळतो आणि बाकीचे खांद्यावरून डोकावतात.

मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या ग्रेग गेज आणि टिम मार्झुलो यांनी नेमकी हीच अडचण धरली. १०० डॉलरच्या आत स्पाइक दाखवायचा, हे त्यांचं उद्दिष्ट. २००९ मध्ये कंपनी निघाली आणि २०१२ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात त्यांनी पेटीची रचना प्रसिद्ध केली. पेटीच्या सर्किटचा आराखडा सगळ्यांना खुला आहे. हाती सोल्डरिंग आयर्न धरता येणारा विद्यार्थी सुटे भाग आणून ती स्वतः जोडू शकतो, आणि बिघडली तर आपल्याकडचा इलेक्ट्रॉनिक्सचा कुणीही माणूस दुरुस्त करू शकतो. कॉलेजसाठी याचं मोल फार आहे, कारण बंद डब्यातलं आयात उपकरण बिघडलं की त्याची फक्त जडसंग्रहाच्या (डेड स्टॉकच्या) वहीत नोंद उरते.

पेटीच्या आत विशेष गुंतागुंत नाही. पेशीच्या बाहेरून घेतलेला स्पाइक साधारण दहा ते काही शे मायक्रोव्होल्टचा असतो. पहिल्या टप्प्यातला इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर दोन टाचण्यांमधला फरकच तेवढा मोठा करतो. दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट तिथेच बराचसा गळतो. पुढे गाळणीचे टप्पे आहेत आणि शेवटी स्पीकर वाजवणारी एलएम३८६ ही चिप. मूळ पेटीत एकूण वाढ सुमारे ८८० पट आणि गाळणीचा पट्टा सुमारे ३०० ते १३०० हर्ट्झ, म्हणजे एवढ्याच वारंवारतांचा संकेत नीट पुढे जातो. म्हणजे १०० मायक्रोव्होल्टचा स्पाइक बाहेर पडताना ८८ मिलिव्होल्ट होतो, मोबाइलच्या माइकच्या वाटेने नोंदायला तो पुरतो.

या पट्ट्याकडे नीट लक्ष द्या, कारण शिकवताना सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. ३०० हर्ट्झखालचं सगळं दाबल्यामुळे विजेच्या ५० हर्ट्झच्या घुर्रऽऽ आवाजापासून बरीच सुटका होते, पण त्याबरोबर स्पाइकचा आकारही बदलतो. पडद्यावर वर-खाली जाणारी रेघ दिसली की विद्यार्थी तिच्यावर लगेच ‘सोडियम आत, पोटॅशियम बाहेर’ असं लिहितात. ती रेघ पटलविभवाची, म्हणजे पेशीच्या पटलाच्या आतल्या-बाहेरच्या विद्युतदाबातल्या फरकाची नाही. बाहेरून घेतलेल्या, गाळलेल्या आणि दोन टाचण्यांच्या फरकातून आलेल्या संकेताची आहे. या पेटीवर स्पाइक मोजावेत, त्यांच्या वेळा पाहाव्यात, लहान-मोठे वेगळे करावेत. आकारावरून आयनांचं काही शिकवू नये. त्यासाठी येल विद्यापीठातून वाढलेलं न्यूरॉन हे मोफत सिम्युलेशन सॉफ्टवेअर किंवा स्पाइक कसा तयार होतो याचं गणित मांडणाऱ्या हॉजकिन-हक्सली समीकरणांचा पायथनमधला छोटा प्रोग्राम जोडीला घ्या. दोन तासिका सिम्युलेशन, दोन तासिका पेटी, अशी विभागणी चांगली बसते.

मूळ प्रयोग झुरळाच्या पायाचा. ब्लाबेरस जातीचं मोठं, संथ झुरळ बर्फाच्या पाण्यात टाकतात. हालचाल पूर्ण थांबेपर्यंत काही मिनिटं थांबायचं. घाई केली तर पाय कापताना झुरळ झटका देतं आणि पायही खराब होतो. लहान तीक्ष्ण कात्रीने पाय शरीराजवळ, कॉक्सा या कांड्याशी कापतात आणि झुरळ परत त्याच्या डब्यात ठेवतात. पिल्लावस्थेतलं असेल तर पुढच्या काती टाकताना पाय पुन्हा वाढतो, प्रौढाला मात्र वाढत नाही, कारण ते कात टाकत नाही. पाय पेटीवरच्या बुचाच्या तुकड्यावर ठेवायचा. एक टाचणी कॉक्सात, दुसरी फीमरमध्ये, म्हणजे मांडीच्या कांड्यात. टाचण्या एकमेकींना टेकल्या तर फरक शून्य होतो आणि सगळं शांत होतं. पेटी चालू केली की तापल्या तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू होतो. आता टिबियावरचा, म्हणजे फीमरपुढच्या काटेरी कांड्यावरचा एक काटा दातकोरणीने हलकेच वाकवा. तडतड एकदम दाट होते. काटा तसाच दाबून धरला तर काही सेकंदांत ती पुन्हा विरळ होते.

एवढ्यात दोन मोठ्या गोष्टी हाती लागतात. उत्तेजना वाढली की स्पाइक मोठा होत नाही, वारंवारता वाढते. आणि उत्तेजना तशीच राहिली तर प्रतिसाद ओसरतो. एडगर एड्रियन आणि इंग्वे झोटरमन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी हेच १९२६ मध्ये दाखवलं होतं. एड्रियन यांना १९३२ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. हा सारा इतिहास सांगण्याआधी विद्यार्थ्यांना तो आवाज ऐकवा. नंतर सांगितलेला धडा पक्का बसतो.

याच पायावर स्पाइकच्या संख्येचा तक्ता करून घेताना उत्तेजना मोजता येईल अशीच हवी. दातकोरणीने हाताने केलेला स्पर्श दर वेळी वेगळा असतो, त्यामुळे दहा विद्यार्थ्यांचे दहा आलेख होतात. पट्टीवर सरकणाऱ्या आधाराला काडी बांधा आणि काटा दर वेळी अर्धा मिलिमीटर, एक मिलिमीटर असा ठरवून वाकवा. दोन उत्तेजनांमध्ये निदान अर्धा मिनिट विश्रांती द्या. ती दिली नाही तर वारंवारता घटते ती उत्तेजनेमुळे की ओसरल्यामुळे, हे सांगता येत नाही. पाय कोरडा पडला की स्पाइकची उंची खालावते, म्हणून सगळी मोजमापं पहिल्या तासाभरात आटोपून घ्यावीत.

तरीही स्पाइक आले नाहीत, तर दोष बहुतेकदा पेटीत नसतो. आधी बॅटरी बदलून बघा. स्वस्त कार्बन-झिंकच्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या लवकर खाली येतात आणि आवाज फाटू लागतो, अल्कलाइन बॅटरी घ्या. नुसता घुर्रऽऽ आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा, ट्यूबलाइट बंद करून बघा, तारा आखूड करा आणि एकमेकींभोवती पिळा. लांबलेली मोकळी तार अँटेनासारखी वागते. मोबाइल पेटीशेजारी असेल तर तोही खरखर आणतो, त्याला विमान मोडवर टाका. आवाज येतो पण पडद्यावर काहीच दिसत नाही, अशा वेळी चूक केबलची किंवा फोनची असते. काही अँड्रॉइड फोन माइकच्या आवाजातला ‘गोंगाट’ आपोआप कापतात आणि स्पाइक म्हणजे फोनच्या मते गोंगाटच. हेडफोनचं भोक नसलेल्या फोनसाठी साधी पेटी घेऊच नये. वर्गात वापरायला यूएसबीने थेट संगणकाला जोडणारी प्रो पेटीच बरी.

मात्र झुरळापेक्षा गांडुळाचा प्रयोग मला शिक्षणाच्या दृष्टीने सरस वाटतो. त्याला दोन वाहिन्यांची, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणांहून नोंद घेणारी, न्यूरॉन प्रो पेटी लागते. कारण साधं आहे. झुरळात आपण गोष्ट ऐकतो, गांडुळात ती मोजतो. गांडुळाच्या चेतारज्जूत एक मध्य महाचेतातंतू आणि दोन पार्श्व महाचेतातंतू असतात. पार्श्व तंतू एकमेकांना जोडलेले असल्यामुळे दोघे मिळून एकासारखे वागतात. डोक्याकडे स्पर्श केला की मध्यतंतू पेटतो, शेपटीकडे केला की पार्श्वतंतू. दोन ठिकाणी टाचण्या लावून स्पाइक एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचायला किती वेळ लागतो हे पाहिलं की वहनवेग निघतो.

कृती अशी. गांडूळ दहा टक्के इथेनॉलच्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं ठेवा. काडीने हलवल्यावर आक्रसत नाही असं दिसलं की लगेच बाहेर काढून साध्या पाण्यात धुवा. जास्त वेळ ठेवलं तर बराच काळ प्रतिसाद येत नाही आणि विद्यार्थी पेटीला दोष देतात. मग टिपकागदावर अलगद टेकवून वरचं पाणी काढा. अंग ओलसर हवं, पण पाण्याचा पातळ थर टाचण्यांना जोडून टाकतो आणि दोन्ही वाहिन्यांवर एकच चित्र दिसतं. बुचाच्या पट्टीवर ठेवून शरीराच्या मागच्या भागात टाचण्या लावा, ग्राउंडची, म्हणजे संदर्भाची टाचणी इतरांपासून दूर. टाचण्या लावून झाल्यावरच अंतर मोजा, आधी नाही, कारण गांडूळ टोचताना ताणलं जातं. स्पर्श लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीनेच करा. धातूने स्पर्श केला की पडद्यावर खोटा उंच डोंगर दिसतो आणि वर्ग आनंदाने ओरडतो.

खरी मजा मोजमापाच्या चुकीत आहे. पेटी दर वाहिनीला सेकंदाला दहा हजार नमुने घेते, म्हणजे दोन नमुन्यांमध्ये ०.१ मिलिसेकंद. टाचण्यांत २० मिलिमीटर अंतर असेल आणि वेग सेकंदाला २० मीटर असेल तर वेळ येते १ मिलिसेकंद, म्हणजे दहाच नमुने. एका नमुन्याची चूक म्हणजे दहा टक्के. अंतर १० मिलिमीटर केलं तर तीच चूक वीस टक्के होते. विद्यार्थ्यांना आधी हा हिशेब करू द्या, मग टाचण्या कुठे लावायच्या हे त्यांनाच ठरवू द्या. मध्यतंतूचा वेग पार्श्वतंतूच्या जवळपास दुप्पट येतो, कारण तो जाड आहे. उत्तर बरोबर आहे का हे तपासायची आणखी एक खूण आहे. डोक्याकडे स्पर्श केल्यावर पुढच्या टाचणीवर स्पाइक आधी दिसला पाहिजे, शेपटीकडे केल्यावर मागच्या. क्रम उलटा आला तर वाहिन्यांच्या तारा अदलाबदल झाल्या आहेत. प्रयोगानंतर गांडूळ ओल्या मातीत परत सोडता येतं.

आता आपल्याकडची गोष्ट. अमेरिकेत कीटकांवरच्या प्रयोगाला प्राणिप्रयोग समितीची परवानगी लागत नाही, म्हणून झुरळाची पेटी तिथे सर्रास चालली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन आणि प्राणिप्रयोग टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये त्या आणखी कडक केल्या. महाराष्ट्रातल्या प्राणिशास्त्र विभागांत ज्या झुरळाचं विच्छेदन पिढ्यान्‌पिढ्या चाललं, ते आता प्रात्यक्षिकात नाही. म्हणून इथल्या कॉलेजांनी झुरळाची पेटी डोळे झाकून घेऊ नये. गांडुळासाठीही संस्थेची लेखी परवानगी आधी हवी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे चार वर्षांच्या पदवीत संशोधनाचं वर्ष आलं आहे आणि त्यात विद्यार्थ्यांना स्वतःचा प्रकल्प लागतो. त्यासाठी माणसाच्या शरीरावरून नोंद घेणाऱ्या मसल स्पायकरबॉक्स आणि हार्ट अँड ब्रेन स्पायकरबॉक्स या दोन पेट्या आपल्याला जास्त उपयोगाच्या आहेत.

मसल पेटीला दोन लाल चिमटे आणि एक काळा. लाल स्नायूवर, काळा हाडावर, म्हणजे कोपरावर किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला. चिकटवायच्या जेलच्या इलेक्ट्रोड्ससाठी परदेशी ऑर्डर देण्याची गरज नाही. ईसीजीचे तेच पॅच कुठल्याही सर्जिकल दुकानात मिळतात. पाकीट उघडलं की लवकर संपवावं, जेल वाळलं की नोंद बिघडते. त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी करा, लाल चिमट्यांचे पॅच दंडाच्या फुगीर भागावर, तंतूंच्या दिशेने दोन ते तीन सेंटिमीटर अंतरावर लावा. हात कोपरात काटकोनात ठेवून पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या एक, दोन, तीन बाटल्यांचं ओझं दहा-दहा सेकंद धरायचं आणि पेटीसोबतच्या स्पाइक रेकॉर्डर अॅपमध्ये प्रत्येक तुकड्याचं आरएमएस मूल्य, म्हणजे संकेताची सरासरी ताकद, घ्यायचं. कोपराचा कोन बदलला तर स्नायूची लांबी बदलते आणि आलेख बिघडतो, म्हणून कोपर टेबलाच्या कडेला टेकवून ठेवा. आणि दोन माणसांचे मिलिव्होल्ट एकमेकांशी ताडून पाहू नका. त्वचेखालची चरबी आणि पॅचची जागा यांनीच आकडा बदलतो. प्रत्येकाचं कमाल जोर लावतानाचं मूल्य शंभर धरून बाकीची त्याच्या टक्क्यांत लिहा.

हार्ट अँड ब्रेन पेटीवरचा मेंदूच्या लहरींचा प्रयोग सगळ्यांना करून बघायचा असतो आणि सगळ्यात जास्त फसवतोही तोच. डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या बाजूला ८ ते १२ हर्ट्झच्या आल्फा लहरी वाढतात, उघडले की कमी होतात. इलेक्ट्रोड मागे, ग्राउंड कानामागच्या हाडावर. इलेक्ट्रोड धरून ठेवणारी डोक्यावरची पट्टी कपाळाकडे सरकली की पापण्यांच्या हालचालीचे उंच डोंगर येतात आणि ‘हा माझा विचार’ म्हणून त्याचे फोटो निघतात. दात आवळले तरी पडदा भरून जातो. केसांना तेल लावून आलेल्याची नोंद येत नाही, कारण तेलाचा थर वीज अडवतो. आदल्या दिवशी डोकं धुवून या, तेल लावू नका, असं आधीच सांगून ठेवा. आल्फा प्रत्येकाच्या नोंदीत ठळक दिसत नाही, म्हणून एका गटात तीन-चार जणांवर करून बघा.

स्पाइक रेकॉर्डर हे अॅप मोफत आहे आणि खरं सांगायचं तर अर्ध्याहून अधिक शिक्षण त्यातच होतं. नोंद डब्ल्यूएव्ही या साध्या ध्वनिफाइलमध्ये साठते, म्हणून पायथन किंवा ऑक्टेव्ह या संगणकी भाषांत ती सरळ उघडते. अंक दाबला की त्या क्षणाची खूण पडते, उत्तेजना दिली तो क्षण असा नोंदवता येतो. विश्लेषणात उंचीच्या दोन उंबरठ्यांच्या मधले स्पाइक निवडून त्यांच्यातल्या वेळेच्या अंतरांचा आलेख, ऑटोकोरिलेशन (स्पाइक ठराविक लयीत येतात का हे दाखवणारा आलेख) आणि सरासरी आकार काढता येतो. भारतात एक गोष्ट आधी करा. सेटिंगमध्ये विजेच्या गोंगाटाची गाळणी ५० हर्ट्झवर आहे का पाहा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. गाळणी ६० वर राहिली तर गोंगाट तसाच राहतो, वर आपल्या संकेताचा एक तुकडा फुकट कापला जातो.

स्वस्त पर्याय हवा असेल तर दिल्लीतल्या अपसाइड डाउन लॅब्सची बायोअॅम्प ईएक्सजी पिल ही छोटी पाटी बघण्यासारखी आहे. तीही खुल्या रचनेची. स्नायू, हृदय, डोळे आणि मेंदू, चारही संकेत तिच्यावर घेता येतात आणि आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या संगणकी पाटीला ती जोडता येते. पण जोडणी करणं आणि आर्डुइनोत कोड भरणं विद्यार्थ्यांनाच करावं लागतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या विभागाशी जोडून प्रकल्प चालवणार असाल तर पिल घ्या. जीवशास्त्राच्या वर्गात पहिल्याच तासाला नोंद हवी असेल तर स्पायकरबॉक्स.

वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीला दोन मसल पेट्या आणि एक हार्ट अँड ब्रेन पेटी पुरते. परवानगी असेल तिथे त्यात एक न्यूरॉन प्रो मिळवा. ऑर्डर देताना अमेरिकेतली किंमत नव्हे, पाठवणी, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून होणारी रक्कम खरेदी समितीपुढे ठेवा, नाहीतर मंजूर रक्कम कमी पडते. आणि शरीराला तारा जोडलेल्या असताना लॅपटॉप कायम बॅटरीवरच चालवा. चार्जर भिंतीतून काढलेला असणं ही नोंद स्वच्छ येण्याची अट आहेच, पण त्याआधी ती विद्यार्थ्याच्या सुरक्षिततेची अट आहे, आणि ती प्रात्यक्षिकाच्या वहीत पहिल्या ओळीला लिहून घ्यावी.